लढाईचा जमाखर्च

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे मालवाहू जहाज उभे होते. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी कापसाने पेट घेतला. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, थोड्याच वेळात दुसरा. गोदीतली इतर जहाजे बुडाली, आसपासची वखारी-गोदामे पेटली, धान्याचे साठे जळाले. सातशेहून अधिक माणसे दगावली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे अनेक जवान त्यात होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

त्यानंतर सुमारे आठ हजार माणसे सात महिने तो राडारोडा उपसत होती. त्यांना रोजची मजुरी मिळाली. सिमेंट, लोखंड, लाकूड विकणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले, ठेकेदारांना कामे मिळाली. नुसता त्या सात महिन्यांचा पैशांचा व्यवहार कोणी मांडला, तर त्या भागातली उलाढाल वाढलेली दिसेल. म्हणून स्फोटाने मुंबईचे भले केले असे कोणीही म्हणणार नाही. जे गेले ते गेले, आणि आठ हजार माणसांचे सात महिन्यांचे श्रम ते पूर्ववत करण्यात खर्ची पडले, हे शाळकरी मुलालाही कळते. फ्रेंच लेखक फ्रेदेरिक बास्तिया यांनी १८५० मध्ये फुटलेल्या खिडकीचे उदाहरण देऊन हेच सांगितले होते. काच बसवणाऱ्याला मिळालेले पैसे सगळ्यांना दिसतात. त्याच पैशांत दुकानदाराने जे जोडे घेतले असते, ते मात्र कोणाला दिसत नाहीत, कारण ते बनलेच नाहीत.

एका स्फोटाबद्दल इतके स्वच्छ दिसणारे सत्य युद्धाचा विषय निघाला की धूसर होते. युद्धाने अर्थव्यवस्थेला चालना मिळते, कारखाने धडधडू लागतात, बेकारी जाते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकतो. या समजुतीमागे एक मोठे उदाहरण आहे. ते खरेही आहे, म्हणून आधी त्याच्याकडे नीट पाहायला हवे.

अमेरिकेत १९३३ साली दर चार कामकऱ्यांपैकी एक बेकार होता. रूझवेल्ट यांच्या सरकारने अनेक योजना राबवूनही १९४० मध्ये बेकारीचे प्रमाण १४ टक्क्यांच्या वर होते. १९४४ मध्ये ते १.२ टक्क्यांवर आले. सात वर्षांत जे जमले नाही ते युद्धाने चार वर्षांत केले, असे या आकड्यांवरून कोणालाही वाटेल. पण बेकारी कमी होण्याचे एक कारण असे, की युद्ध संपताना सुमारे १ कोटी २० लाख माणसे लष्करी गणवेशात होती. उरलेल्यांपैकी बरेच जण दारूगोळा, विमाने आणि रणगाडे बनवत होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे दोन-पंचमांश भाग युद्धावर खर्च होत होता आणि उत्पन्नाच्या आकड्यात तोफगोळ्याची किंमत नांगराच्या किमतीसारखीच धरली जात होती. सामान्य माणसाच्या हातात पगार आला, पण त्या पगारात मोटार घेता येत नव्हती, कारण फेब्रुवारी १९४२ पासून खासगी मोटारींचे उत्पादनच बंद झाले होते. साखर, कॉफी, मांस, पेट्रोल, टायर या सगळ्यांवर रेशन होते. लोकांनी पैसे युद्धरोख्यांत गुंतवले. चार लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक परत आले नाहीत.

खरा पुरावा त्यानंतरच्या दोन वर्षांत आहे. युद्ध संपल्यावर पुन्हा महामंदी येईल अशी धास्ती बऱ्याच अर्थतज्ज्ञांना होती. पुढे नोबेल मिळवणारे पॉल सॅम्युएलसन यांनी १९४३ मध्ये तसा इशारा दिला होता. सरकारने १९४५ मध्ये सुमारे ९३ अब्ज डॉलर खर्च केले होते, ते १९४७ मध्ये सुमारे ३५ अब्जांवर आणले. सैन्य १ कोटी २० लाखांवरून १५ लाखांच्या आसपास आले. इतका मोठा खर्च एकदम थांबला, एक कोटी माणसे कामाच्या शोधात घरी परतली, तरी बेकारी चार टक्क्यांच्या पुढे गेली नाही. कारखाने मोटारी, फ्रीज, घरांचे सामान बनवू लागले आणि अमेरिकेची खरी सुबत्ता तेव्हा सुरू झाली. हात रिकामे असताना आणि यंत्रे बंद असताना सरकारने मोठा खर्च केला की ते हात कामाला लागतात, एवढेच युद्धाने सिद्ध केले. तो खर्च धरणांवर, शाळांवर, घरांवर केला असता तरी हात कामाला लागलेच असते, आणि शेवटी धरणे, शाळा, घरे उरली असती. युद्धाआधी तेवढा पैसा काढायला संसदेतले कोणी तयार नव्हते, हा दोष राजकारणाचा आहे.

शिवाय अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या कारखान्यांवर बाँब पडले नव्हते. ब्रिटन याच युद्धात जिंकले. युद्ध चालू असताना तिथे पावावर रेशन नव्हते. ते जिंकल्यानंतर, जुलै १९४६ मध्ये लावावे लागले. रेशनिंग पूर्णपणे उठायला १९५४ साल उजाडले. अमेरिकेकडून १९४५ मध्ये ठरवलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर २००६ च्या अखेरीस भरला.

आता आपल्या देशाकडे वळू. युद्धाने राष्ट्राला फायदा होतो असे म्हणणाऱ्याला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही, कारण कागदावर पाहिले तर दुसऱ्या महायुद्धाने भारताला श्रीमंत केले. १९३९ मध्ये भारत ब्रिटनचा ऋणको होता. १९४५ मध्ये ते सगळे कर्ज जवळजवळ फिटले होते आणि उलट ब्रिटनच भारताचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होते. मुंबई, सोलापूर, अहमदाबादच्या गिरण्या पाळ्या वाढवून चालल्या. खडकी, अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यांत भरती झाली. सैन्य सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले आणि त्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या, कोकणातल्या गावोगावचे तरुण होते. गावी मनीऑर्डरी येऊ लागल्या. पैशाला तोटा नव्हता.

हा पैसा आला कुठून, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कहाणी कळत नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकार आणि भारत सरकार यांच्यात करार झाला. भारताच्या नेहमीच्या संरक्षणाचा खर्च भारताने करायचा आणि त्यापलीकडे ब्रिटनच्या युद्धासाठी जे लागेल त्याचे पैसे ब्रिटनने द्यायचे, असे ठरले. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण ब्रिटनकडे तेव्हा देण्यासारखा माल नव्हता. त्यामुळे मुंबईच्या गिरणीतून खाकी कापडाचे तागे उचलले की लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा दाखवले जात आणि त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे रुपयांच्या नोटा छापून गिरणीमालकाचे पैसे चुकते करी. कापड, तंबू, चामडे, धान्य, पोलाद बोटीत चढून इजिप्त-इराककडे जाई आणि नोटा इथे राहत. युद्धाच्या सुरुवातीला देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपताना त्या सुमारे १,२०० कोटींच्या झाल्या. माल कमी आणि नोटा साडेसहापट, मग भाव चढले यात नवल नाही. सरकारी घाऊक किमतींचा निर्देशांकच अडीचपटीच्या आसपास गेला. काळ्या बाजारातले भाव त्या निर्देशांकात आलेच नाहीत.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी १९४३ मध्येच या कारभाराची चिकित्सा करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. मुंबईत प्रा. वकील यांनी त्याच वर्षी घसरत्या रुपयाबद्दल लिहिले. कर आणि कर्जाऐवजी नोटा छापून युद्ध लढणे म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या ताटातून घास काढणे आहे, हे त्या काळातल्या अर्थशास्त्रज्ञांना स्पष्ट दिसत होते. महागाई हा एक करच असतो. विधिमंडळात त्यावर मतदान होत नाही आणि तो सर्वांत जास्त त्याच्याकडून वसूल होतो, ज्याची मजुरी भावांबरोबर वाढत नाही.

मुंबईच्या गिरणी कामगाराला निदान महागाई भत्ता होता, शहरात १९४३ पासून रेशन होते. बंगालच्या खेड्यातल्या शेतमजुराला, कोळ्याला, नावाड्याला यांतले काहीच नव्हते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानने घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनारपट्टीच्या भागातल्या हजारो नावा सरकारने ताब्यात घेतल्या किंवा मोडल्या. त्याच वेळी कोलकात्यात युद्धखर्चाचा पैसा ओतला जात होता. कारखाने, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांतल्या लोकांना काम बंद पडू नये म्हणून स्वस्त तांदूळ पुरवण्याची सोय केली गेली आणि तो तांदूळ खेड्यांतून उचलला गेला. १९४२ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या घाऊक बाजारात तांदूळ मणाला १३-१४ रुपये होता. पुढच्या मे महिन्यात तो ३० रुपयांवर गेला. मजुरी जवळपास होती तिथेच राहिली.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की १९४३ मध्ये बंगालमधला तांदळाचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाचच टक्के कमी होता आणि १९४१ पेक्षा जास्त होता. ज्या १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही, त्याहून अधिक धान्य असताना १९४३ मध्ये माणसे भुकेने मेली. सेन यांनी याला तेजीतला दुष्काळ म्हटले आहे. तांदूळ विकत घेण्याच्या शर्यतीत युद्धाच्या पैशाने भरलेली शहरे पुढे गेली आणि खेडी मागे पडली. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या १५ लाख मानली. नंतरचे अनेक अभ्यासक ३० लाखांच्या आसपास जातात. या देशात युद्धाने जी तेजी आली तिच्या हिशेबात हे ३० लाख धरलेच पाहिजेत. ते वगळून मांडलेला कुठलाही हिशेब मला खोटा वाटतो.

त्या वर्षांत जे उभे राहिले नाही, तेही मोजायला हवे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना मोटारींचा कारखाना काढायचा होता. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी त्यांचे बोलणेही झाले होते. युद्धप्रयत्नांना त्याचा उपयोग नाही म्हणून सरकारने मदत नाकारली. बंगळूरचा विमान कारखाना त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने १९४० मध्ये काढला, तो दोन वर्षांत सरकारने आपल्या ताब्यात घेतला आणि तिथे प्रामुख्याने लष्करी विमानांच्या दुरुस्तीचे काम होऊ लागले. रेल्वेच्या कार्यशाळांत डबे आणि इंजिनांऐवजी युद्धसामग्री बनू लागली. काही शाखामार्गांचे रूळ उखडून मध्यपूर्वेला धाडले गेले. गिरण्यांची यंत्रे रात्रंदिवस चालून झिजली आणि बदलायला नवी यंत्रे परदेशातून येत नव्हती. मालकांच्या खात्यांवर नफे जमले, पण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या हाती आली ती जुनी, थकलेली यंत्रे आणि खिळखिळी रेल्वे.

मग त्या १३० कोटी पौंडांचे काय झाले? ऑगस्ट १९४३ मध्ये कोकणातले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्या जुलैत ते ब्रेटन वुड्सच्या परिषदेला भारताच्या शिष्टमंडळात होते. युद्धात जमलेले हे येणे डॉलरमध्ये किंवा अन्य चलनांत बदलून मिळण्याची काही सोय नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत असावी, असा भारताचा आग्रह होता. ब्रिटन आणि अमेरिका दोघांनीही तो मानला नाही. लंडनमध्ये तर हे देणे कापावे, बुडवावे असा विचार करणारे बडे लोक होते आणि चर्चिल त्यांत होते. देणे सरसकट बुडवले गेले नाही, याचे श्रेय देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चिवट वाटाघाटींना द्यायला हवे. पण पैसे एकदम काढता आले नाहीत. काही भाग ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानाच्या किमतीत वळता झाला, काही ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनमध्ये. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणली गेली आणि अमेरिकेतून यंत्रे घेण्याची त्या पैशांची ताकद एका दिवसात जवळजवळ एक-तृतीयांशाने घटली. उरलेले पैसे धान्य आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची यंत्रे आणण्यात गेले. ऑगस्ट १९५८ मध्ये भारताला कर्ज मिळावे म्हणून जागतिक बँकेला धनको देशांची बैठक बोलवावी लागली. उपाशीपोटी केलेल्या सक्तीच्या बचतीचा हा शेवट होता.

लढाई दुसऱ्यांची असेल आणि आपण नुसते विकणारे असू, तर फायदा होतो की नाही? होतो. तो नाकारण्यात अर्थ नाही. १९५० च्या जूनमध्ये जपानची टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती, कामगारांचा मोठा संप झाला होता आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी पद सोडले होते. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकन लष्कराने मालमोटारींच्या ऑर्डरी दिल्या आणि कंपनी वाचली. कोरियाची जी राखरांगोळी झाली ती टोयोटाच्या ताळेबंदात कुठेच नव्हती.

मुंबईने तर हे नव्वद वर्षे आधी अनुभवले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेतला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर शेअरचे भाव ठरू लागले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापूस कोसळला आणि जुलैत मुंबईतले सगळे सौदे बुडाले. बँक ऑफ बॉम्बेही टिकली नाही. तोवर सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव पडल्यावर हात आखडले आणि त्याच सुमारास नव्या मोजणीने शेतसारा वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. कारणे अनेक होती, पण अमेरिकेतल्या युद्धाने आलेली तेजी आणि तिचा शेवट हे त्यांतले एक ठळक कारण होते. ज्या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले आणि लँकेशायरचे कामगार उपाशी राहिले, त्यातून मुंबईला मिळालेला पैसा चार वर्षे टिकला.

शांततेच्या काळातल्या लष्करी खर्चाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. रडार, जेट इंजिन, इंटरनेटची पूर्वज असलेली १९६९ ची अर्पानेट, जीपीएस ही सगळी लष्कराच्या पैशातून आली, असे समर्थक सांगतात, आणि ते खरे आहे. पण त्यांतले यश धीराने, वर्षानुवर्षे, लगेच नफा न मागता दिलेल्या सरकारी संशोधननिधीचे आहे. तसा पैसा रोगांवर, बियाण्यांवर, ऊर्जेवर लावला की तिथेही फळे येतात. रोजगाराबद्दलही तेच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये काढलेला हिशेब असा: एक अब्ज डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे ११,२०० रोजगार निर्माण होतात, आरोग्यसेवेवर केले तर सुमारे १७,२०० आणि शिक्षणावर केले तर सुमारे २६,७००. शस्त्रास्त्रांत पैसा महाग यंत्रांवर जातो, शाळेत तो माणसांवर जातो.

याचा अर्थ भारताने सैन्यावर खर्च करू नये असा कोणी काढला, तर तो १९६२ विसरला. त्या वर्षी आपली तयारी कमी पडली, जवानांनी बर्फात अपुऱ्या कपड्यांत आणि जुन्या बंदुकांनी लढून प्राण दिले आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावे लागले. पुढच्या दोन वर्षांत संरक्षणखर्च दुपटीहून अधिक झाला. तो करणे भाग होते. त्याची किंमतही मोजावी लागली. १९६५ चे युद्ध झाले, अमेरिकेने मदत थांबवली, पाऊस लागोपाठ दोनदा हुकला, जून १९६६ मध्ये डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला आणि पंचवार्षिक योजना तीन वर्षे थांबली. ही किंमत देश टिकवण्यासाठी होती, तिला विकासाचे इंजिन म्हणण्याची गरज नव्हती आणि त्या वेळच्या जबाबदार माणसांनी तसे म्हटलेही नाही.

आज मात्र तसे म्हटले जाते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. त्यांतले १ लाख ६० हजार कोटी पेन्शनचे होते. खडकी, देहूरोड, वरणगाव, जवाहरनगर, अंबाझरी, भद्रावती इथल्या हजारो कुटुंबांची चूल या खर्चावर पेटते आणि त्यांच्या कामाचा मान राखलाच पाहिजे. पण तोफ विकत घ्यायची ती सीमेवर गरज आहे म्हणून, आणि गरज असेल तितकीच. रोजगार हवा असेल तर त्यासाठी अधिक स्वस्त आणि अधिक उपयोगी वाटा आहेत. लोकसभेत अनेकदा संरक्षण खात्याच्या मागण्या चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात. वाचकांनी आपल्या खासदाराला निदान एवढे विचारावे, की या खर्चातले किती पैसे कशासाठी लागतात आणि त्यावर तुम्ही सभागृहात शेवटचे कधी बोललात.